बुधवारी बंद असलेल्या खोलीबद्दल आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी नागपूरची रहिवासी असून माझे वय 48 वर्षे आहे आणि एका अनुदानित शाळेत गेली 23 वर्षे मी मराठी शिकवते. गेल्या 18 ऑक्टोबरला, म्हणजे जागतिक रजोनिवृत्ती दिनी, शहरातील एका सरकारी रुग्णालयात कार्यक्रम झाला. पाळी जाण्याच्या वयातील महिलांसाठी दर बुधवारी सकाळी 10 ते 1 या वेळेत स्वतंत्र तपासणी, आहाराचा सल्ला आणि समुपदेशन मिळेल, असे त्यात व्यासपीठावरून जाहीर करण्यात आले. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. शाळा चालू असताना बुधवारची सकाळ मोकळी मिळत नाही, म्हणून उन्हाळ्याची सुट्टी लागल्यावर, ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत, मी तेथे गेले. खोली सापडली, पाटी सापडली आणि पाटीखाली कुलूपही सापडले. शिपाईदादा सौजन्याने म्हणाले, "चाबी मॅडमपाशी आहे जी, आन् मॅडमची ड्यूटी दुसरीकडं लागली." मी खिडकीतून आत पाहिले. सलाइनची खोकी एकावर एक रचलेली होती आणि त्यांच्यावर त्याच कार्यक्रमाचा बॅनर गुंडाळून ठेवलेला होता.

कुलपाबद्दल तक्रार करण्यासाठी एवढे लांब पत्र लिहू नये, हे मला कळते. परंतु या कुलपापर्यंत पोहोचण्याआधी मी जे भोगले आहे, त्याची नोंद शासनाच्या कोणत्याही रजिस्टरमध्ये होणार नसल्यामुळे ती येथे करते.

दोन वर्षांपासून माझी पाळी कधी दोन महिने येत नाही, तर कधी आली की जायचे नाव घेत नाही. एकदा ती सलग 17 दिवस चालली. रात्री दोनच्या सुमारास छातीतून एक वाफ उठते, मानेवरून डोक्यात चढते, अंगावरचा कपडा पिळून काढावा इतका घाम येतो आणि पाच मिनिटांनी त्याच घामाने थंडी वाजू लागते. हे डिसेंबरातही होते. मे महिन्यात तर पारा 45 च्या घरात असताना बाहेरची उष्णता कोणती आणि आतली कोणती, हेच समजेनासे होते. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आमच्याकडे होते आणि आपण सगळे त्यासाठी येताही, पण येता ते हुरड्याच्या आणि संत्र्यांच्या दिवसांत. एकदा मे महिन्यात यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. नववीच्या वर्गात प्रयोग शिकवत असताना मला फळ्याचा आधार घेऊन उभे राहावे लागले, हातातला खडू घामाने ओला झाला आणि "मॅडम रागावल्या" असे समजून अख्खा वर्ग गप्प बसला. मी रागावले नव्हते. नंतर मात्र खरोखरच रागावू लागले, मुलांवर, यजमानांवर, भांड्यांवर, आणि दोन रात्री धड झोप न झालेल्या माणसाचा तो राग आहे हे कळायला आम्हा सर्वांनाच वर्ष लागले.

19 एप्रिल 2024 रोजी नागपुरात लोकसभेचे मतदान होते आणि मी केंद्रावर कामाला होते. रक्तस्राव चालू होता, स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नव्हती, म्हणून मी दिवसभर पाणीच प्यायले नाही. माझ्या अवस्थेतील बाईने नेमके हेच करू नये, हे मी नंतर वाचले. लोकशाहीच्या उत्सवाचे मला पुढचे दहा दिवस स्मरण राहिले.

एका खाजगी डॉक्टरांना दाखवले तेव्हा त्यांनी चार मिनिटांत निकाल दिला: "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." ही कटकट कशी मिटते, ते आपल्याच राज्याने बीड जिल्ह्यात पाहिले आहे. ऊसतोड करणाऱ्या महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा विषय 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, समिती नेमली गेली आणि पाहणी झालेल्या सुमारे 82 हजार महिलांपैकी 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. अंडाशयेही काढली तर पाळी जाण्याची जी क्रिया निसर्ग काही वर्षांत करतो, ती एका दिवसात होते. अंडाशये राखली तरी ती लवकर थकू शकतात. हे आम्हाला शस्त्रक्रियेच्या आधी कोण सांगणार? हार्मोनची औषधे कोणाला चालतील आणि कोणाला नाहीत, हेही डॉक्टरांनी तपासून ठरवायचे असते. पण त्यासाठी खोलीत डॉक्टर असावे लागतात.

त्या कार्यक्रमात एक गुळगुळीत पुस्तिका वाटली होती. तिच्यात ऑलिव्ह तेल, ब्रोकोली आणि टोफू यांची रंगीत चित्रे आहेत. ती छापणाऱ्यांना विदर्भ कोठे आहे हे ठाऊक असते, तर त्यांनी ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी, तीळ, अंबाडीची भाजी आणि ताक एवढी पाच नावे लिहून कागद वाचवला असता. जवसाने वाफा थांबतात असे छातीठोकपणे कोणी सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही. परंतु ते आमच्या डब्यात आहे, परवडते आणि पोटाला चांगले आहे. टोफू ज्या सोयाबीनपासून होतो, ते आमचे शेतकरी ट्रॉलीच्या ट्रॉली भरून विकतात आणि आमच्या घरात त्याची एक वाटी शिजत नाही, याचेही कोणाला काही वाटत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला रोज 1200 मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, असे आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, सांगते. गायीच्या दुधाच्या एका मोठ्या पेल्यातून साधारण 300 मिळते. म्हणजे रोज चार पेले, आणि तेही ज्या घरात दूध आधी मुलाला, मग चहाला आणि उरले तर विरजणाला जाते त्या घरात. मी माझ्यापरीने दुपारचा चहा सोडला, तिखट सोडले आणि रविवारचे तर्री पोहेही सोडले. हा त्याग किती मोठा आहे, ते नागपूरबाहेरच्या माणसाला समजणार नाही. रात्रीच्या वाफा त्यामुळे थोड्या कमी झाल्या, हे प्रामाणिकपणे नमूद करते.

"रोज अर्धा तास भरभर चाला" असेही पुस्तिकेत आहे. पाळी गेल्यानंतर पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात, त्यामुळे चालणे आणि थोडे वजन उचलणे आवश्यक आहे, हे मला पटते. माझी नणंद 56 व्या वर्षी न्हाणीघरात नुसती हातावर टेकून पडली आणि मनगट मोडले; हाडे ठिसूळ झाली होती हे प्लास्टर घातल्यावर समजले. पण चालायचे केव्हा? मे महिन्यात सातला ऊन चटके देते, त्याआधी पाणी भरणे आणि डबे असतात, आणि रात्री आमच्या रस्त्यावरचा दिवा महिनोन्महिने बंद असतो.

मला खरी मदत मिळाली ती आमच्या गच्चीवर. सासूबाई आधी म्हणाल्या, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." मग एका रात्री मी पायरीवर बसलेली पाहून शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मी पण अंगणात बसायची, हातपंखा घेऊन. तुझ्या सासऱ्यांना वाटायचं, मला भूतबाधा झाली." त्यानंतर गल्लीतल्या सहा जणी रोज संध्याकाळी वर जमू लागलो. कोणाची झोप उडालेली, कोणाला खोकताना लघवी सुटते, कोणाला उगाच रडू येते. सहापैकी चौघींनी हे आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने सांगितले. यजमानही आता उशाशी ओला पंचा ठेवतात. शासनाने जाहीर केलेले समुपदेशन सध्या आमच्याकडे एवढेच आहे आणि त्याला अनुदान लागत नाही.

महोदय, गर्भवतींच्या तपासणीसाठी दर महिन्याची 9 तारीख राखून ठेवलेली आहे, ती योग्यच आहे. माझी तारीख कोणती? केंद्राने 2013 मध्ये आणलेल्या आरोग्य कार्यक्रमाच्या नावात प्रजनन, माता, नवजात, बालक, किशोरवय एवढे सगळे आहे. मूल होऊन गेलेली बाई त्यात कोठे बसते? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या महिलांच्या मुलाखती होतात आणि 2019-21 च्या पाहणीत त्यांचेच रक्त रक्तक्षयासाठी तपासले गेले. महाराष्ट्रात तेव्हा अशा 54.2 टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते, म्हणजे ती जाऊन स्थिरस्थावर होते न होते तोच बाई यादीतून बाहेर पडते. पन्नाशी लागताच रक्त आपोआप वाढते, असा काही शोध लागला असल्यास कळवावे. दरमहा 1500 रुपये देताना बहीण 65 वर्षांपर्यंत लाडकी असते आणि रक्त तपासताना मात्र ती 49 लाच परकी झाली. महिलांच्या आरोग्य तपासणीसाठी राज्याने 2022 मध्ये राबवलेल्या मोहिमेचे नाव "माता सुरक्षित तर घर सुरक्षित" असे होते. घराची काळजी नसती, तर मातेचे काय झाले असते, कोण जाणे. देशातील पहिले महिला धोरण 1994 मध्ये याच राज्याने आणले, असे आम्ही वर्गात अभिमानाने सांगतो. त्या वर्षी मी कॉलेजात होते.

मागणी मोठी नाही. त्या खोलीत बुधवारी माहितगार डॉक्टर बसावेत, पाळी जाण्याविषयी बोलायला आशाताईंना शिकवावे, कॅल्शियमच्या गोळ्या गर्भारपणाशिवायही मिळाव्यात, हाडांची घनता तपासण्याची सोय सरकारी दवाखान्यात असावी आणि पुस्तिका पुन्हा छापायची झाल्यास आमच्या गच्चीवर येऊन लिहावी.

येत्या बुधवारी आम्ही सहाही जणी बसने तेथे जाणार आहोत. आमच्यातल्या एकीला पायऱ्यांवर फार वेळ बसवत नाही, म्हणून चाबी साडेदहापर्यंत पोहोचल्यास बरे होईल.

आपली नम्र,
एक शिक्षिका, नागपूर