अनुदान हस्तलिखितालाही हवे

पानशेत धरण फुटले त्या १२ जुलै १९६१ या दिवसावर मी सहा वर्षांपासून कादंबरी लिहीत आहे. नोकरी सांभाळून रात्री तास-दीड तास मिळे, आणि आदल्या रात्रीचे सूत्र पुन्हा हाती येईपर्यंत तो संपूनही जाई. त्यामुळे आठवे प्रकरण दोन वर्षे तसेच अडून राहिले. मागील वर्षी एका संस्थेने लेखनासाठी अल्पसे अनुदान दिले आणि मी तीन महिने बिनपगारी रजा घेतली. सकाळी गोखलेनगरात पूर पाहिलेल्या आजींकडे बसायचे, दुपारी लिहायचे, असा क्रम लागला. भिंतीवर ओल कुठवर चढली होती, हे त्यांनी उठून हाताने दाखवले आणि तिथून ते प्रकरण सुटले.

राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना मोलाची आहे. मात्र ती पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी, म्हणजे लेखन पूर्ण झाल्यावर, उपयोगी पडते. केंद्राच्या २०२१ च्या युवा योजनेत निवडलेल्या लेखकांना सहा महिने दरमहा ५० हजार रुपये मिळाले, पण वयाची अट तिशीच्या आतली होती. चाळिशी-पन्नाशीत, संसार आणि नोकरी ओढत अर्धी कादंबरी कपाटात जपणाऱ्यांनी (पुण्यात असे अनेकजण मला ठाऊक आहेत) कुठे अर्ज करावा? मंडळाने अपूर्ण हस्तलिखिताची काही प्रकरणे वाचून, वयाची अट न घालता, सहा महिन्यांची लेखनवृत्ती सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे