दसऱ्याचा झेंडू आणि जमिनीतली वाइन

सिग्नागी, काखेती, जॉर्जिया
१४ ऑक्टोबर

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर तू रोज विचारतेस, "जेवलात का नीट?" आणि मी "हो गं" म्हणून मोकळी होते. आज सकाळपासून पावसाने कोंडून घातलंय, म्हणून सविस्तर लिहिते. वाइनचा भाग आत्या घरी असताना मोठ्याने वाचू नकोस म्हणजे झालं.

इथे पुरी म्हणजे पाव! तिबिलिसीत आमच्या खोलीखालीच भट्टी होती. 'तोने' म्हणतात तिला, विहिरीसारखी खोल, मातीची. भट्टीवाला कमरेपर्यंत आत वाकतो, आता पडला की काय असं वाटेपर्यंत, आणि आतल्या भिंतीला लांबट पुरी थापून लालबुंद चेहऱ्याने वर येतो. ती 'शोतिस पुरी' खोलीपर्यंत कधी अख्खी पोचली नाही.

बाजारात मसाल्यांच्या ढिगात एक पिवळी पूड दिसली. हळद समजून वास घेतला तर झेंडू! वाळवलेल्या पाकळ्या कुटून अक्रोडाच्या वाटणात घालतात आणि तिला चक्क 'इमेरेतीचं केशर' म्हणतात. तू दसऱ्याला ज्याचं तोरण बांधलंस, ते आम्ही इथे जेवतोय. वांग्याचे तळलेले काप, आत अक्रोड-लसणाचं वाटण, वर डाळिंबाचे दाणे. वांगं म्हटलं की ताट सरकवणाऱ्या तुमच्या जावयांनी दोन बशा संपवल्या. पुढच्या वेळी तुझं भरलं वांगं नाकारलं तर हे पत्र दाखव.

'खिंकाली' दिसायला थेट उकडीचा मोदक, पण आत खिमा आणि गरम रस्सा. मी काट्याने कापायला गेले, सगळा रस्सा बशीत. वाढणाऱ्या बाईंनी असा चेहरा केला की विचारू नकोस. शेंडी धरून उलटी करायची, छोटा चावा घेऊन आधी रस्सा ओढायचा, मग खायची. शेंडी बशीतच ठेवायची, म्हणजे किती खाल्ल्या ते मोजता येतं. जावयांच्या बशीत अकरा होत्या.

आता वाइन. आम्ही उतरलोय त्या घराच्या मागे एक खोली आहे, 'मरानी'. आत गेलं तर पिंपं नाहीत, बाटल्या नाहीत, जमिनीत नुसती गोल तोंडं. प्रत्येक तोंडाखाली माणूस उभा मावेल एवढा मातीचा रांजण पुरलेला, आतून मधमाश्यांचं मेण लावलेला. हा 'क्वेव्री'. २०१३ साली युनेस्कोने ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. या देशात वाइन करतात त्याला ८००० वर्षं झाली म्हणे, जुन्या मडक्यांच्या खापरांत तिचे अंश सापडलेत. घरमालक काकांना मात्र त्याचं काही नाही. "आमच्याकडे प्रत्येकाकडे असते," एवढंच.

सध्या द्राक्षतोडणीचा हंगाम, 'र्त्वेली'. रस गाळत नाहीत. साल, बिया, देठ सगळं रांजणात जातं. चोथा फुगून वर येतो, तो दिवसातून चार-पाचदा काठीने खाली दाबायचा. काकांनी काठी माझ्या हातात दिली आणि आधी कान लावायला सांगितलं. आई, मंद आचेवर आमटी रटरटते ना, तस्सा आवाज! आंबणं थंडावलं की तोंड बंद, ते वसंतात उघडायचं. रिकामा रांजण चेरीच्या सालीच्या कुंच्याने घासतात. काका म्हणाले, वाइन बिघडते ती आळसाने. तू लोणच्याच्या बरणीला ओला हात लावू देत नाहीस, तेच हे.

गेल्या वर्षीची चाखली. द्राक्षं हिरवी, पण सालीसकट मुरल्यामुळे रंग मधासारखा. पहिला घोट अजिबात आवडला नाही, फार उकळलेल्या चहासारखा तुरट. खारट चीजबरोबर तिसरा घेतला तेव्हा जर्दाळूचा वास आला आणि मग पेला कधी संपला कळलं नाही. बाबा, रागावू नका, पेले छोटे होते.

इथे आपलं आपण पीत बसत नाहीत. आधी कुणीतरी उठून चार शब्द बोलतं, मग 'गाउमार्जोस' म्हणून सगळे पेला उचलतात. काकांनी एक पेला गेलेल्या माणसांसाठी उचलला, तेव्हा मला आजी आठवली. पुढचा "या मुलीच्या आईवडिलांसाठी" म्हणून तुमच्या नावाने. त्यांची मुलगी इंग्रजीत सांगत होती, तिचं सांगून व्हायच्या आत माझे डोळे भरले.

बॅगेत तुमच्यासाठी 'चुर्चखेला' घेतलाय. दोऱ्यात ओवलेले अक्रोड द्राक्षरसाच्या घट्ट खळीत बुडवून वाळवतात, दिसतो मेणबत्तीसारखा. बाबा, आत दोरा असतो, तो ओढून काढा आणि मगच खा.

तुमची,
ताई