शनिवारच्या तासाबद्दल

प्रिय सुहास,

शनिवारच्या तासाला तत्त्वज्ञान शिकवायचं म्हणजे मुलांना सॉक्रेटिस आणि शंकराचार्यांची माहिती सांगायची का, असं तू विचारलंयस. माझं ऐकशील तर ती नावं तूर्त बाजूला ठेव आणि एखाद्या साध्या वाक्यापासून सुरुवात कर.

तत्त्वज्ञानाचे अमेरिकन प्राध्यापक मॅथ्यू लिपमन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकवत होते. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायला घेणं म्हणजे फार उशीर, असं त्यांचं मत झालं आणि त्यांनी शाळकरी मुलांसाठी कादंबरीच लिहिली. तिच्यातला हॅरी वर्गात धूमकेतूला ग्रह म्हणून बसतो. सगळे ग्रह सूर्याभोवती फिरतात, म्हणजे फिरणारा तो ग्रहच, असा त्याचा हिशेब! वर्ग हसतो, आणि मग हॅरीच्या लक्षात येतं की 'सगळे' असलेलं वाक्य उलटं करून चालत नाही. 1974 साली लिपमननी न्यू जर्सीत मॉन्टक्लेअरला यासाठी संस्था काढली. पद्धत सोपी आहे: गोष्ट वाचायची, प्रश्न मुलांनीच काढायचे, गोल बसून बोलायचं.

आपल्याकडे अन्नंभट्ट या जुन्या पंडिताने तर्कशास्त्राच्या नवशिक्यांसाठीच लिहिलेल्या 'तर्कसंग्रह' या संस्कृत पुस्तकात हेच आहे. धूर तिथे अग्नी हे खरं, पण अग्नी तिथे धूर असेलच असं नाही. लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा बघ. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे.

हे किती कामाचं आहे ते मला पुतणीमुळे कळलं. परवा रडवेली होऊन म्हणाली, "गणितात मार्क मिळवणारी मुलं हुशार असतात. मला मिळत नाहीत, म्हणजे मी ढ." मी समजूत घातली नाही. धूर दिसत नाही म्हणून आग नाहीच का, एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आमच्या वर्गातल्या एकीला गणित येत नाही, पण गाणं एकदा ऐकलं की पेटीवर वाजवते." उदाहरण तिचं तिने शोधलं, सुहास! हे मी सांगितलं असतं तर तिला पटलं नसतं. म्हणून वर्गात कोणी गप्प झालं तर घाईने उत्तर पुरवू नकोस.

हेडमास्तरांना मात्र मार्क वाढतील असा शब्द देऊ नकोस. इंग्लंडमध्ये 48 शाळांत या पद्धतीच्या केलेल्या चाचणीत वाचन-गणितात थोडी प्रगती दिसली होती, पण पुढच्या मोठ्या चाचणीत ती दिसली नाही. मुलांना स्वतःबद्दलचा चुकीचा निष्कर्ष तपासता यावा, मला एवढं कारण पुरेसं वाटतं.

पहिल्या तासाला मुलांनी काढलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून पाठव.

तुझा,
विनय