देवळाचा उंबरठा आणि १९५६ चा कायदा : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : मंदिरप्रवेशाच्या कायद्याची अंमलबजावणी शासनाने स्वतःहून करण्याबाबत.

महोदय,

मंदिरप्रवेशाचा वाद उठला की न्यायालयाने आमच्या श्रद्धेत पडू नये, हे वाक्य हमखास ऐकू येते. मी नेमाने शनीला तेल वाहणारी स्त्री आहे आणि त्या वाक्यामागची कळकळ मला समजते. देवाला कोणते उपचार करावेत, सोवळे कसे पाळावे, हे न्यायमूर्तींनी ठरवावे असे मलाही वाटत नाही. परंतु न्यायालयावर ही वेळ का येते, याचे उत्तर शासनाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

हिंदूंच्या सार्वजनिक पूजास्थानांत सर्वांना प्रवेश देणारा कायदा तेव्हाच्या मुंबई राज्याच्या विधिमंडळाने १९५६ साली केला. कोणत्याही वर्गातल्या हिंदूला अशा ठिकाणी अडवू नये, त्याच्या वाटेत अडथळा आणू नये, इतकेच नव्हे तर त्याला परावृत्तही करू नये, असे तो सांगतो आणि अडवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद करतो. हा कायदा आपल्याच लोकप्रतिनिधींनी केला. तरीही पुढची साठ वर्षे शनिशिंगणापूरला, जिथे शनीची शिळा उभी आहे त्या चौथऱ्याखाली स्त्रियांना थांबवले जात होते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये एका तरुणीने चौथऱ्यावर चढून तेल वाहिले, तेव्हा देवस्थानाने सुरक्षा कर्मचाऱ्यांना निलंबित केले आणि शिळेला अभिषेक घालून शुद्धी केली. त्या चौथऱ्याला ना छप्पर आहे ना भिंती. उघड्या आभाळाखाली उभी असलेली, ऊन, पाऊस आणि धूळ सोसणारी ती काळी शिळा एका स्त्रीच्या हाताने विटाळली, असा त्या शुद्धीचा अर्थ होता, आणि भाविक म्हणून मला तो फार लागला. लगेच जानेवारीत देवस्थानाच्या अध्यक्षपदी प्रथमच एक महिला निवडून आली, पण चौथरा बायकांना बंदच राहिला.

विद्या बाळ आणि अॅड. निलिमा वर्तक यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती वाघेला आणि न्या. सोनक यांच्या खंडपीठाने १ एप्रिल २०१६ रोजी निर्णय दिला. आपण स्त्री-पुरुष भेदाच्या विरोधात आहोत, असे शासनानेच तेथे सांगितले होते. न्यायालयाने शनिदेवाच्या स्वरूपाची चिकित्सा केली नाही की शास्त्रार्थ केला नाही. १९५६ चा कायदा पाळला जाईल हे पाहण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. दुसऱ्याच दिवशी निकालानंतर आलेल्या स्त्रियांना गावकऱ्यांनी अडवले. अखेर ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, तेव्हा पुरुषांनाही लागू असलेली मनाई मोडून पुरुषांनी चौथऱ्यावर चढून जलाभिषेक केला आणि मग विश्वस्तांनी तो सर्वांसाठी खुला केला. कायदा शासनाचा, निर्णय न्यायालयाचा, आणि तरी वाट मोकळी झाली ती अशी.

केरळातल्या शबरीमले मंदिरात दहा ते पन्नास वयाच्या स्त्रियांना असलेल्या बंदीचा प्रश्न निराळा आणि अवघड आहे. तेथे सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल चार विरुद्ध एक असा आला, न्या. इंदू मल्होत्रा यांनी भिन्न मत नोंदवले आणि पुढे श्रद्धेतले अत्यावश्यक काय हे न्यायालयाने ठरवावे का, हाच मुद्दा नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे गेला. त्या चर्चेला माझा आदर आहे. महाराष्ट्रात मात्र त्या गुंत्यात शिरण्याची गरजच नाही, कारण विधिमंडळाने आधीच उत्तर दिलेले आहे. न्यायालयाचा हस्तक्षेप ज्यांना खुपतो, त्यांनी तर या कायद्याच्या अंमलबजावणीचा सर्वांत आधी आग्रह धरायला हवा. न्यायालय फक्त हिंदूंच्याच मागे लागते, हा आक्षेपही टिकत नाही. शिंगणापूरचा निर्णय देणाऱ्या त्याच मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ च्याच ऑगस्टमध्ये हाजी अली दर्ग्यात स्त्रियांना मजारीपर्यंत जाण्याचा हक्क मान्य केला.

परंपरा बुडेल ही भीती पंढरपूरने केव्हाच खोटी ठरवली आहे. चोखोबांना महाद्वाराबाहेर ठेवणाऱ्या त्या मंदिराचे दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये दहा दिवस उपोषण केले. दार उघडले, आणि वारी तशीच चालू आहे. शिंगणापूर ज्या नेवासे तालुक्यात आहे, त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तीही परंपराच आहे.

सरसकट सगळे नियम मोडा, असे माझे म्हणणे नाही. गाभाऱ्यात फक्त पुजाऱ्यांनी जावे, विशिष्ट वस्त्र नेसावे, ठरावीक वेळी दर्शन बंद असावे, हे सर्वांना सारखे लागू असेल तर तो देवस्थानाचा अधिकार आहे. जन्मावरून किंवा स्त्री म्हणून अडवणे हा तो अधिकार नव्हे.

म्हणून विनंती अशी की, आपल्या विभागाच्या अखत्यारीतील धर्मादाय आयुक्तांमार्फत प्रत्येक नोंदणीकृत हिंदू सार्वजनिक देवस्थानाकडून प्रवेशाचे नियम लेखी मागवावेत आणि त्यांत भेद आढळल्यास विश्वस्तांना ते बदलण्यास सांगावे. या कायद्याचा मराठी मजकूर दर्शनी भागात लावणे बंधनकारक करावे, कारण गावच्या मारुतीच्या किंवा कार्तिकस्वामींच्या देवळात अडवल्या जाणाऱ्या बाईला असा कायदा आहे हेच ठाऊक नसते. तिची तक्रार स्थानिक पोलीस ठाण्यात याच कायद्याखाली नोंदवली जावी, यासाठी गृह विभागाशी बोलून लेखी आदेश काढावेत, आणि ते केव्हा निघतील हे आपण जाहीर करावे.

आपली नम्र,
अहिल्यानगर जिल्ह्यातील एक भाविक