कासारकाका, टाळ वाचले ते तुमच्यामुळे

आदरणीय कासारकाका,
सा. न. वि. वि.

मंडळाचे बारा जोड टाळ, दोन झांजा आणि देवळातल्या समया घेऊन आलो ते ‘बफ मारून द्या’, म्हणजे यंत्राच्या फिरत्या चाकावर घासून चमकवून द्या, म्हणत. तुम्ही बफ मारला नाहीत, मजुरी नाकारलीत आणि वर घरी काय करायचं ते शिकवलंत. त्याचे हे जाहीर आभार. वारीच्या तोंडावर बऱ्याच मंडळांत हेच चालतं, म्हणून तुमची रीत इथे मांडतो.

टाळांना आपण सरसकट पितळी म्हणतो, पण चांगला टाळ काशाचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, शंभर भागांत साधारण ७८ आणि २२. त्या कथलामुळेच नाद लांबतो आणि त्यामुळेच टाळ फरशीवर पडला की वाकत नाही, तडकतो. दोरीला लोंबता धरून टिचकी मारायची. आवाज बद्द आला की आधी दोरीचं भोक आणि मग कड बघायची, तडा बहुतेक तिथेच असतो. अशा टाळाला डाग लावून, म्हणजे धातू वितळवून सांधून, उपयोग नाही, तो मोडीतच द्यायचा. बफच्या चाकावर कड झिजते, जोडीतला एक जास्त घासला गेला की दोघांचा सूर फाटतो आणि चाकाचा मसाला कातकामाच्या, म्हणजे टाळ चरकावर कातताना उठलेल्या, रेषांत बसून काळा पडतो.

साफ करायचे तर आधी दोरी सोडायची. ओली दोरी भोकाशी पाणी धरते आणि कळंक, म्हणजे हिरवा थर, तिथूनच चढतो. मग ५० ग्रॅम चिंच अर्धा लिटर कोमट पाण्यात कोळून गाळायची, मीठ घालायचं नाही. मऊ सुती फडक्याने रेषांच्या दिशेनेच फिरवायचं, आडवं नाही, दोन मिनिटांच्या वर नाही. धुऊन झाल्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात बुडवायचं. ही पायरी आम्ही सगळेच गाळायचो! आंबट आत राहिलं की दुसऱ्याच दिवशी टाळ डागाळतो, आणि दोष मात्र चिंचेला. नंतर साधं पाणी, कोरडं फडकं, तासभर ऊन.

पितळेला लिंबू-मीठ लावून तासन्‌तास ठेवलं की ते गुलाबी का पडतं, हेही तुम्ही समयीच्या बैठकीवर बोट ठेवून दाखवलंत. आंबटात जस्त आधी विरघळतं आणि वर तांबं उरतं. ती लाली चमक नव्हे, झीज आहे. मीठ खाचेत राहिलं तर पुढचं दुखणं आणखी वाईट. गडद, घट्ट हिरवा थर जुना असतो, तो चिकटून बसतो. फिकट हिरवी, नखाने सुटणारी भुकटी दिसली तर दमट हवेत धातू आतून खाल्ला जातोय असं समजायचं.

समयांना चिंच लावण्याआधी तेल काढायचं. मेणचट थराखाली आंबट पोचतच नाही. गरम पाण्यात लिटरला दोन चमचे धुण्याचा सोडा, हातमोजे घालून अर्धा तास, मग बांबूच्या कामटीने खरवडणं. लोखंडी तारेची घासणी बिलकूल नको, तिचे तुकडे खाचेत अडकून गंजतात. विटेचा चुरा आणि रांगोळीलाही तुम्ही हात जोडलेत. देव्हाऱ्यातल्या कित्येक मूर्तींचं नाक सपाट होतं ते वर्षानुवर्षांच्या अशा घासण्याने.

सोबत आणलेल्या घंघाळावरचं ठोक्यांनी घातलेलं नाव तुम्ही भिंगातून वाचलंत. शेवटची दोन अक्षरं झिजून नुसते ठिपके उरले आहेत. त्या जागेला फक्त कोमट पाणी आणि रिठा. बाकी भांडं लख्ख आणि ती पट्टी काळपट दिसेल, दिसू द्या, असं तुम्ही म्हणालात. पटायला जरा वेळ लागला, पण पटलं.

टाळ आता मलमलच्या पिशव्यांत, कोरड्या कपाटात ठेवले आहेत. जोड्या बांधायचे रबर काढून टाकले, त्यातल्या गंधकाने कडेला काळी रेघ उठत होती. दोऱ्या नव्या, सुती, गाठ आतल्या वाटीत.

तडकलेला एक जोड तुमच्याकडेच राहिला आहे, तो मोडीत घालावा. कल्हईसाठी दोन पातेली पौर्णिमेनंतर घेऊन येतो. आमटी कळकायला लागली आहे.

आपले,
भजनी मंडळातील सर्व टाळकरी