शिफ्टिंगच्या दिवसासाठी माणसं हवीत : ज्येष्ठ नागरिक संघाचं आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोथरूडमध्ये सध्या कुठल्याही कॉलनीत शिरलं तरी एखादी इमारत पत्र्यांच्या आड गेलेली दिसते. १९७० आणि १९८०च्या दशकांत बांधलेल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या आहेत. त्याबद्दल संघाची तक्रार नाही. गुडघे धरून जिना चढणाऱ्या आमच्या सभासदांना लिफ्ट हवीच आहे. काळजी आहे ती मधल्या भाड्याच्या घराची, आणि त्याहून जास्त तिथे जाण्याच्या दिवसाची.

करारावर सह्या झाल्या की घर रिकामं करायला महिना-दोन महिन्यांची मुदत मिळते. पावसात कुणी हलत नाही. दिवाळी जुन्याच घरात व्हावी असं सगळ्यांना वाटतं. पौषात घर बदलायला घरातली मोठी माणसं राजी नसतात. मग उरतो मार्गशीर्ष, नाहीतर थेट माघ. म्हणजे पुण्यात पहाटेचा पारा दहाच्या आसपास रेंगाळतो, कधी त्याखालीही जातो, नेमक्या त्याच दिवसांत ऐंशी उलटलेली माणसं चाळीस वर्षांच्या घरातून उठवली जातात. त्यातली बरीच जण बावधन, वारजे, पाषाण अशा टेकड्यांच्या बाजूला जातात, आणि तिकडे गावापेक्षा गारठा जास्तच असतो.

टेम्पोवाला भल्या पहाटे येतो, रस्ते मोकळे असतात म्हणून. दार सताड उघडं, खिडक्यांचे पडदे आदल्या दिवशीच काढलेले. हमाल पहिल्यांदा पलंग सोडवतात, कारण तो टेम्पोत तळाशी लागतो. त्यामुळे ज्या माणसाला पाठ टेकायची सर्वांत जास्त गरज, तोच गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसतो. त्याचा स्वेटर, कानटोपी आणि रक्तदाबाची गोळी कुठल्या तरी खोक्यात गेलेली असते आणि प्रत्येक खोक्यावर ‘किचन’ असंच लिहिलेलं असतं. बाथरूममध्ये कुणीतरी वॉशिंग मशीन काढत असतं, म्हणून आजी पाणीच पीत नाहीत. असे पाच-सहा तास जातात.

थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. त्यात रात्री झोप नाही, सकाळची गोळी चुकलेली आणि पोटात पाणी नाही. उतारवयात गारठा वेळेवर जाणवतही नाही. ज्यांना थायरॉइडचा किंवा मधुमेहाचा त्रास आहे, ज्यांना झोपेच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना जास्तच जपावं लागतं. शरीराचं तापमान ३५ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं तर माणूस गुंगीत जातो, जीभ जड होते, असंबद्ध बोलतो, चालताना तोल जातो. घरच्यांना वाटतं, दगदगीने थकले असतील, झोपू द्या. झोपू देऊ नका. कोरडे, उबदार कपडे घाला, डोकं झाका, शुद्धीवर असतील तर कोमट काहीतरी घोट-घोट पाजा आणि १०८ला फोन करा. ब्रँडीचा घरगुती उपाय इथे उलटा पडतो. मद्याने वरवर ऊब वाटते, पण शरीरातली उष्णता आणखी बाहेर जाते.

नव्या घरातली पहिली रात्र आम्हाला सर्वांत घातक वाटते. महिनोन्महिने बंद असलेला फ्लॅट आतून गार पडलेला असतो. रात्री लघवीला उठलेला माणूस जुन्या सवयीने डावीकडे वळतो आणि तिथे आता भिंत असते, किंवा बाल्कनीचा उंबरा. विस्मरणाचा आजार असेल तर विचारायलाच नको. म्हणून आमचे स्वयंसेवक दुसरं काही लावण्याआधी पलंग लावतात, आणि जुन्या घरात ज्या हाताला बाथरूम होतं, शक्य असेल तर त्याच हाताला येईल असा. मग वाटेत नाइट लॅम्प, बाथरूममध्ये न घसरणारी मॅट, कमोडजवळ धरायचा दांडा. सोफा, शोकेस, देवघर सावकाश लागलं तरी चालतं. (देवघराबाबत मतभेद होतात. आम्ही माघार घेतो.)

गॅस गीझरबद्दल मात्र आम्ही कुणाचं ऐकत नाही. भाड्याच्या जुन्या फ्लॅटमध्ये तो बऱ्याचदा बाथरूमच्या आतच बसवलेला असतो. थंडी म्हणून खिडकी घट्ट लावली की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि आंघोळीला गेलेला माणूस आतच कोसळतो. गीझर बाहेर बसवून मिळेपर्यंत पाणी स्वयंपाकघरात तापवून द्या. खोलीत कोळशाची शेगडी ठेवणंही तितकंच जिवावरचं. गरम पाण्याची पिशवी चालेल, पण फडक्यात गुंडाळून. मधुमेहाने पायांची संवेदना गेलेल्यांना चटका बसलेला कळतच नाही.

आता मागणं. संघाचा हॉल मार्गशीर्षापासून माघाच्या अखेरीपर्यंत शिफ्टिंगच्या घरांसाठी पहाटेपासून उघडा ठेवायचं ठरलं आहे. आजी-आजोबांनी सामान हलेपर्यंत इथे यावं, पडावं, चहा-नाश्ता घ्यावा, आणि तिकडे पलंग लागून पाणी तापलं की गाडीने जावं. टेम्पोच्या केबिनमध्ये बसून नाही. यासाठी आम्हाला सगळ्यात आधी माणसं हवी आहेत. हॉलवर सोबतीला बसणारा एक आणि नव्या घरी पुढे जाणारा एक, असे एका घरामागे दोघे. ओझी उचलायची नाहीत, त्याला हमाल आहेत. चारचाकी घेऊन येणारे, एखादी सकाळ देऊ शकणारे इलेक्ट्रिशियन आणि प्लंबर, रक्तदाब तपासता येणाऱ्या परिचारिका, कॉलेजातली मुलं, सगळे चालतील. स्वतः सत्तरीत असून उत्साहाने पुढे येणाऱ्या सभासदांनी कृपया फक्त गप्पा मारायला यावं.

वस्तूही हव्यात. वॉकर, व्हीलचेअर, कमोडची खुर्ची, ऑइल हीटर, फोल्डिंग कॉट, स्वच्छ रजया आणि गोधड्या, थर्मास. रिकाम्या होणाऱ्या घरांच्या माळ्यांवर यातलं काही ना काही हमखास निघतं. भंगारवाल्याला बोलावण्याआधी आम्हाला सांगा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. या वस्तू गरजूंना विनामोबदला वापरायला दिल्या जातील. फाटकी पांघरुणं मात्र आणू नयेत.

पैसे लागतील ते गाडीभाडं, दांडे बसवण्याचा खर्च आणि चहा-नाश्त्यासाठी. बिल्डरकडून शिफ्टिंगचे पैसे मिळतात हे खरं आहे, पण ते फ्लॅटच्या मालकाला. त्याच इमारतीत भाड्याने राहणाऱ्या एकट्या विधवा बाईंच्या हाती काही येत नाही, आणि आमच्याकडे विचारायला येणाऱ्यांत त्या आधी असतात. देणगी शंभराची असो वा पाच हजारांची, चेकने किंवा संघाच्या खात्यात ऑनलाइन द्यावी आणि पावती मागून घ्यावी. दारावर येऊन संघाच्या नावाने रोख मागणारा आमचा नाही.

परदेशातल्या मुलामुलींसाठी चार शब्द. व्हिडिओ कॉलवरून कपाट कुठे लावायचं हे जरूर सांगा, पण शिफ्टिंगची तारीख आई-वडिलांआधी आम्हाला कळवा. औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर आणि जवळच्या एका नातेवाइकाचा नंबर द्या. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), आधार, पासबुकं, चष्मा, कानाचं यंत्र, इन्सुलिन आणि आठवड्याच्या गोळ्या एकाच पिशवीत भरून ती आजी-आजोबांच्या हातात राहील एवढं बघा. नोव्हेंबरात घर बदलत असाल तर पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला आधी देऊन टाका.

कोथरूडबाहेर आम्हाला पोचता येत नाही. तिथल्यांनी १४५६७ या ज्येष्ठांसाठीच्या एल्डरलाइनवर फोन करून चौकशी करावी.

नावनोंदणी संघाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी ५ ते ७. घर हलवायच्या निदान आठ दिवस आधी यावं. तारीख ठरवताना टेम्पोवाल्याला सकाळी दहानंतरची वेळ मागा. थोडे पैसे जास्त पडले तर तेवढे संघ देईल.

आपले,
कार्यकारी मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ