इंचाला मैल : भूगोलाच्या एका निवृत्त प्राध्यापकांना अनावृत पत्र

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

"आभार राहू द्या, आधी शीट नीट वाचा," असे म्हणून आपण तो विषय फोनवरच संपवला होता, आणि समोर बसून आभार मानणे मला जमलेही नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे. ते अनावृत ठेवण्याचे कारण एवढेच की, ज्यांची गावे धरणाखाली गेली आणि ज्यांच्याकडे वडीलधाऱ्यांच्या आठवणींखेरीज गावाची दुसरी खूण उरलेली नाही, अशी घरे आमच्या भीमाकाठी पुष्कळ आहेत. जुना नकाशा वाचून बुडालेले गाव कसे शोधायचे, हे आपण मला जे शिकवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडावे.

आमचे जुने गावठाण करमाळा तालुक्यात, भीमेच्या उत्तर तीरावर होते. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले आणि ते पाण्याखाली गेले. माझा जन्म नव्या गावठाणातला. लहानपणापासून ऐकलेले जुने गाव सांगणाऱ्यागणिक जागा बदलत असे. चुलते म्हणत नदी दोन शेतांवर होती, आत्या म्हणे दारातच होती. रेल्वेचे रूळ कोणी गावाच्या उशाला सांगे, कोणी कोसभर लांब. भारतीय सर्वेक्षण विभागाचे आजचे नकाशे पाहिले तर आमच्या गावाच्या जागी नुसता निळा रंग. मग टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांसाठी खुली ठेवलेली, १९५० च्या दशकात अमेरिकन लष्कराने काढलेली अडीच लाखाला एक या प्रमाणाची नकाशामालिका सापडली. त्यात नदी होती, रेल्वे होती आणि आमचे गाव म्हणून माशी बसावी तेवढा एक ठिपका होता. तो ठिपका पाहूनही मला भरून आले होते, हे आपल्याला सांगायचे राहूनच गेले.

तो ठिपका घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा आपण कपाटातून प्रात्यक्षिकांसाठी जपून ठेवलेले जुने इंची शीट, म्हणजे सर्वेक्षण विभागाच्या नकाशाचा एक कागद, काढलेत. इंचाला मैल, म्हणजे त्रेसष्ट हजार तीनशे साठाला एक. मी लगेच गाव शोधू लागलो, आणि आपण शीटवर हात ठेवून विचारलेत, "हा नकाशा कधीचा?" मी खाली छापलेले पन्नाशीच्या दशकातले वर्ष वाचून दाखवले. आपण समासातली दुसरी, बारीक अक्षरांतली ओळ दाखवलीत. छपाई पन्नाशीतली होती, पण प्रत्यक्ष मोजणी त्याच्या कितीतरी आधीची. मधल्या काळात ठळक दुरुस्त्या तेवढ्या केलेल्या. म्हणजे जे गाव मी वडिलांच्या लहानपणीचे समजत होतो, ते बरेचसे पणजोबांच्या काळातले होते. त्या एका प्रश्नाने माझे निदान सहा महिने वाचवले असतील.

शीटचा क्रमांक कसा वाचायचा, तेही त्याच दिवशी कळले. आमच्या शीटच्या क्रमांकातला ४७ हा चार अंशांचा मोठा चौकोन, त्याचे ए ते पी असे एकेक अंशाचे सोळा भाग, आणि त्या प्रत्येकाचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा. शाळेत हे शिकवले गेले असणारच. माझ्यापर्यंत पोहोचले नव्हते. अज्ञान किती होते, याचा एक नमुना इथे कबूल करतो. तळ्याच्या बांधाशेजारी '५ आर' असे लिहिले होते आणि मी त्याचा अर्थ 'पाच नंबरची रिव्हर' असा लावला होता. आपण हसला नाहीत. तो 'आर' सापेक्ष उंचीचा आहे, बांध भोवतालच्या जमिनीपेक्षा पाच फूट उंच आहे, असे सांगून आपण पुढच्या चिन्हाकडे वळलात.

दोऱ्याचा प्रसंग तर मी अनेकांना सांगितला आहे. गावठाणापासून नदीच्या उतारापर्यंत, म्हणजे पाण्यातून पलीकडे जाण्याच्या जागेपर्यंत, जाणारी तुटक रेषांची गाडीवाट किती लांब, असे मी विचारले. आपण सुईत ओवलेला पांढरा दोरा काढलात, पाण्यात बुडवून वाटेच्या प्रत्येक वळणावर बोटाने दाबत बसवलात, आणि मग तो उचलून शीटच्या तळाशी काढलेल्या रेषाप्रमाणावर सरळ धरलात. मी माझ्याजवळच्या झेरॉक्सवर पट्टी लावून आधीच उत्तर काढले होते आणि ते चुकले होते. झेरॉक्स काढताना नकाशा लहान-मोठा होतो, तेव्हा 'इंचाला मैल' हे शब्द खोटे ठरतात. काढलेली पट्टी मात्र नकाशाबरोबरच आकसते किंवा वाढते, म्हणून ती खरी राहते. आज संगणकावर काम करतानाही मी आधी ती पट्टी तपासतो.

संगणकाचा विषय निघाला आहे तर तोही सांगून टाकतो. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत शीट आजच्या उपग्रहचित्रावर बसवण्याचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा आमच्या गावाची विहीर थेट नदीपात्रात जाऊन पडली. जुनी शीटे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ठरवलेल्या पृथ्वीगोलाच्या मापांवर बेतलेली आणि फोनमधले जीपीएस दुसऱ्याच गोलावर, त्यामुळे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे घातले तर सगळे सरकते, हे आपण समजावलेत. त्यावर सुचवलेला उपायही साधाच होता : जे तेव्हा होते आणि आजही जागेवर आहे, ते आधी शोधा. डिकसळचा जुना पूल आणि पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर हे माझे पहिले दोन आधार झाले; बाकीचे पाण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या गावांतून मिळाले.

डिकसळच्या पुलामुळे रुळांचा वादही मिटला. पुणे-सोलापूर रेल्वे १८५८ ते १८६० या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाली, आणि हा पूल मूळचा तिचाच. उजनीच्या पाण्यामुळे लोहमार्ग उत्तरेला सरकवला गेला आणि पूल रस्त्याच्या वाहतुकीला आला. त्या पुलावरून मी शेकडो वेळा एसटीने गेलो असेन. तो एवढा अरुंद का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. शीटवर जुना मार्ग पूल ओलांडून आमच्या गावाच्या उत्तरेने, शिवाराच्या कडेकडेने जातो. दक्षिणेला नदी, उत्तरेला रूळ आणि मध्ये गाव. उशाला म्हणणारेच खरे होते.

पाण्याचे कोडेही आपणच सोडवलेत. उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे एरवी वापरात न येणारे तळचे पाणी, आहे, हे वर्तमानपत्रात दर उन्हाळ्यात वाचत होतो. पण त्याचा आमच्या गावठाणाशी काय संबंध, हे लक्षात आले नव्हते. गावठाणाशेजारचा उंचीबिंदू फुटांत आणि धरणाची पातळी मीटरमध्ये. आपण कागदाच्या कोपऱ्यात भागाकार करायला लावलात. मृतसाठ्याची पातळी ४९१.०३ मीटर आणि आमचे गावठाण त्याच्याही काही मीटर खाली. धरण नुसते 'रिकामे' झाले म्हणून गाव दिसत नाही. ते उणे पातळीत, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, बरेच खोल जावे लागते. इतकी वर्षे "यंदा पाणी आटले, गाव दिसेल" म्हणून आम्ही काठावर जाऊन पाण्याकडे पाहून परतत होतो, त्याचे कारण त्या भागाकारात होते.

पण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे काम झाले ते आपल्या एका सूचनेने. आत्याला नकाशा 'दाखवू' नका, तिच्या हातात द्या आणि आपले बोट मागे ठेवा, असे आपण बजावले होते. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे आणि शीटवरची इंग्रजी अक्षरे तिला वाचता येत नाहीत. तिने विचारले, "नदी कुठली, रूळ कुठले?" तेवढे सांगितल्यावर तिने शीट उचलले आणि सरळ उलटे फिरवले. आमचे घर नदीकडे तोंड करून होते. दारात उभे राहिले की समोर नदी आणि पाठीमागे रूळ. नकाशात उत्तर वर असते, याच्याशी तिला काही देणेघेणे नव्हते. उलट्या शीटवर मग तिचे बोट पाणंदीने चालत चालत उतारापर्यंत गेले, आणि तिथे न थांबता नदी ओलांडून पलीकडच्या पाऊलवाटेवर गेले.

मी त्या पलीकडच्या वाटेकडे लक्षच दिले नव्हते. नदीच्या त्या अंगाला इंदापूर तालुका, पुणे जिल्हा, आमचा सोलापूर. माझ्या डोक्यात नदी ही हद्द होती. आत्याचे लग्न १९६२ च्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावी झाले आणि वऱ्हाड बैलगाड्यांनी त्याच उतारातून गेले, गुडघाभर पाण्यातून. मग तिने दोन्ही काठांच्या सोयरिकी मोजायला सुरुवात केली आणि मी वहीत लिहू लागलो. सतरा घरांवर ती दमली. नकाशावर दोन्ही तीरांवरच्या पाऊलवाटा त्या उताराशी येऊन मिळतात, त्या का, हे तेव्हा उमगले. धरणाने गाव उठवले, हे सगळेच सांगतात. त्याने आमचे अर्धे गणगोत पाण्यापलीकडे गेले आणि तासाभराची वाट होडीची किंवा लांबच्या वळशाची झाली, हे घरात कोणी कधी बोलून दाखवले नव्हते.

नकाशा काय सांगत नाही, हेही आपण वेळीच सांगितलेत, नाहीतर मी त्याला देव्हाऱ्यात बसवले असते. पिवळा रंग म्हणजे लागवडीची जमीन, पण तिच्यात ज्वारी होती की बाजरी आणि ती कोणाची होती, हे तो सांगत नाही. त्यासाठी आपण मला भूमी अभिलेखाच्या गावनकाशाकडे, जुन्या सातबाऱ्याकडे आणि १९५१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेकडे पाठवलेत. १९४७ च्या कायद्याखाली झालेल्या एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, त्यामुळे जुना कागद नव्याशी जुळवताना एका कार्यालयात मला चार हेलपाटे पडले. पाचव्या खेपेला एका वयस्क कारकुनांनी स्वतःहून कपाट उघडून दिले. त्यांचेही आभार इथेच मानतो.

सोबत शीटवरून काढलेला आमच्या शिवाराचा ट्रेसिंगचा कागद पाठवत आहे. आत्याने सांगितलेली शेतांची, विहिरींची आणि वस्त्यांची नावे त्यावर तांबड्या शाईने लिहिली आहेत. ज्यांबद्दल चुलत्यांचे मत वेगळे पडले, ती आपल्या सांगण्याप्रमाणे पेन्सिलीनेच ठेवली आहेत. एक गोष्ट अजून सुटलेली नाही. गावठाणाच्या ईशान्येला, रुळांच्या अलीकडे, थडग्यासारखे एक चिन्ह आहे. आत्याला तिथे काही असल्याचे आठवत नाही. चुलते म्हणतात तो छापण्यातला डाग असावा. आपल्या मूळ शीटवर भिंग लावून एकदा पाहाल का? डाग नसेल, तर पातळी पुरेशी उतरलेल्या पहिल्याच उन्हाळ्यात गाडी घेऊन आपल्याला न्यायला येतो. उन्हाचे चालणे आहे. टोपी आणि पाणी मी घेईन, दोरा आपण आणावा.

आपला कृतज्ञ,
भीमाकाठचा एक विद्यार्थी